सरकारांची डुलकी

एका संस्थानात सटवाजी नावाचा पैलवान होता बघा. दहा वर्षं त्याची पाठ मातीला लागली नव्हती. पण कुस्ती अशी संथ, की माणसं जांभया द्यायची. समोरचा दमेपर्यंत हा खांबासारखा उभा राहायचा आणि मग हळूच त्याला चीत करायचा.

एका जत्रेत सटवाजी आपली कुस्ती जिंकला आणि हैबती नावाचा दुसरा पैलवानही आपली जिंकला. तेव्हा सरकार सटवाजीला म्हणाले, "पहिल्या पैलवानाची गदा आणि राजवाड्यावरचं दूध यंदापासून हैबतीला. काय उड्या मारतो गडी! तुझ्या कुस्तीत तर मला डुलकी लागली."

त्या दुधावरच सटवाजीचं शरीर उभं होतं. तो हात जोडून म्हणाला, "सरकार, हैबतीच्या कुस्तीत नाही लागली डुलकी?"

"छे रे! जीव टांगणीला लागला होता. कधी पडेल त्याचा नेम नव्हता!"

"आणि माझ्या वेळी?"

"तुला कोण पाडतोय!" सरकार बोलून गेले.

"मग पहिला कोण, हे आपल्या डुलकीनं मघाशीच सांगितलं की, सरकार!"

सरकार खो खो हसले. गदा सटवाजीच्याच खांद्यावर राहिली. पुढं दर जत्रेत त्याची कुस्ती लागली, की सरकार आधी टेकायला लोड मागवायचे.