उरलेला लाल

"मग ते रडत होते कुणासाठी, बुवा?"

प्राध्यापक हेरंब टिपणीस घाटाच्या पायरीवर उभे होते. हातात वडिलांच्या अस्थींचा कलश. वडील गावचे डॉक्टर. अंत्ययात्रेला पाच गावं लोटली होती आणि 'देवमाणूस गेला' म्हणत माणसं ओक्साबोक्शी रडली होती. तेव्हापासून हेरंब सुन्नच होते.

"डॉक्टरांनी म्हणे कधी आवाज चढवला नाही. घरी आम्ही त्यांचा रागच पाहिला. या अस्थी माझ्याच्यानं सोडवणार नाहीत. तुम्हीच सोडा."

मठातल्या केवळगिरीबुवांनी कलश घेतला नाही. नदीपलीकडे बोट दाखवलं.

"मावळताना सूर्य लाल का दिसतो हो?"

शिकवायचं म्हटल्यावर हेरंबांचा आवाज लगेच मऊ झाला.

"उजेडात सगळेच रंग असतात, बुवा. मावळतीला त्याला हवेतून फार लांबून यावं लागतं. निळा वाटेतच विखुरतो. आपल्यापर्यंत पोचतो तो उरलेला लाल."

खिशातला फोन वाजला.

"कितीदा सांगायचं कामात आहे म्हणून? ठेव आधी."

फोन खिशात टाकून ते हसले. "माफ करा. मुलगी आहे, नऊ वर्षांची. काय म्हणत होतो मी?"

"निळा. तो कुठं गेला?"

"वाया जात नाही. वाटेतल्या मुलखात अजून दुपार आहे. त्यांचं आभाळ त्यानंच निळं होतं."

"आत्ता त्यांना सांगितलं, सूर्य लाल आहे, तर?"

"हसतील."

"मग खोटं कोण बोलतंय?"

"कुणीच नाही. सूर्य तर एकच..."

हेरंब थांबले.

वीस वर्षं हा धडा त्यांनी घडाघडा शिकवला होता.  आज ते कलश मांडीवर घेऊन पायरीवर बसले.

"पाच गावं," ते पुटपुटले. "पाच गावं फिरून दिवेलागणीला घरी यायचे..."



हेरंब उठले. कलश छातीशी धरून पाण्यात उतरले. गुडघाभर पाण्यात गेल्यावर मागून हाक आली.

"थांबा."

हेरंब वळले. बुवा पायऱ्या उतरून आले होते. दोन्ही हात पुढे केलेले.

"द्या तो इकडे... आधी पोरीला फोन लावा."