भेकराचा श्रद्धांजली फलक

एका तळ्याकाठच्या गावात पाट्या रंगवणारी एक बाई होती. कुणाचा वाढदिवस असो की कुणाचा दहावा, चौकात लागणारा फलक तिच्याच हातचा. तळ्यावरही तिने एक पाटी लावली होती, ‘कृपया कचरा टाकू नये’. लोक त्या पाटीच्या सावलीत बसून जेवत, पिशव्या तिथेच टाकत आणि हात झटकून घरी जात.

एके दिवशी तळ्याकाठी भेकर जातीच्या हरणाची मादी मरून पडली. वनरक्षकाने तिचं पोट फाडून पाहिलं, तर आत नुसत्या प्लास्टिकच्या पिशव्या! बाईला रडू आलं, आणि मग तिचं डोकंच फिरलं. इतकी वर्षं कृपया, कृपया म्हणून काय मिळालं होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी चौकात नवा फलक लागला. गळ्यात हार घातलेलं भेकर आणि वर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. खाली शोकाकुल मंडळींची नावं असतात, तिथे तिने लिहिलं होतं, ‘हिला शेवटचं जेवू घालणारे’. त्याखाली भेकराच्या पोटातून निघालेली एक पिशवी, धुऊन, खिळ्यांनी ठोकलेली. सरपंचांनी नातवाच्या बारशाला ज्या पिशव्यांतून पेढे वाटले होते, त्यांतलीच ती एक. तिच्यावर त्यांचं नाव चांगलं ठळक छापलेलं होतं.

सरपंच तणतणत आले. “माझी बदनामी करतेस? उतरव तो फलक! नाहीतर या गावात तुला एक पाटी मिळायची नाही.”

पाट्यांवरच बाईचं घर चालत होतं. पण ती जागची हलली नाही.

“नाव मी कुठे लिहिलंय, सरपंच? ते तुम्हीच छापून घेतलंय. मी फक्त भेकर काढलं. ते मी उतरवणार नाही.”

सरपंचांनी पिशवीच खसकन उपटली.

“काढलीत ना?” बाई म्हणाली. “मग आता टाकणार कुठे?”

सगळा चौक बघत होता. सरपंचांनी गटाराकडे पाहिलं, झुडपांकडे पाहिलं. शेवटी पिशवीची घडी करून खिशात घातली आणि घरची वाट धरली.

वर्षभर बाईला गावात काम मिळालं नाही. ती शेजारच्या गावांच्या पाट्या रंगवत राहिली, पण फलक काही उतरवला नाही. पुढच्या जत्रेला लोक तळ्यावर पत्रावळी घेऊन गेले आणि निघताना ज्याने त्याने आपली पिशवी आठवणीने घरी नेली. फलकावर एका पिशवीची जागा अजून रिकामी होती ना!

तात्पर्य एवढंच: विनवण्या करून कुणी ऐकत नसेल, तर झोंबेल असं खरं बोलावं, आणि एकदा बोललं की कुणी डोळे वटारले म्हणून ते पुसू नये.