सरपंचांना मिळालेली मानाची जागा

आमच्या वाडीच्या ख्रिस्ती देवळात ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारी बारा खुर्च्या मांडतात. प्रभू येशूनं बारा शिष्यांचे पाय धुतले, तसे फादर बारा जणांचे धुतात. त्या साली फादरांची कंबर धरलेली, म्हणून खाली बसून पाय कोण धुणार याचीच कुजबुज चाललेली. झाडलोट करणाऱ्या राहेलबाईला मात्र पहिल्यांदाच खुर्ची मिळाली होती. बिचारीनं टाचा विटकरीनं घासून आणल्या होत्या.

तेवढ्यात शांतवन सरपंच आले. बघतात तर खुर्च्या भरलेल्या!

"ए राहेल, ऊठ! इथली सगळ्यात मोठी जागा माझी."

"सरपंच, ही तर शिष्याची जागा," राहेलबाई बसल्या बसल्याच म्हणाली. "सगळ्यात मोठी जागा प्रभूची. ती अजून रिकामीच हाय."

सरपंच फुलले. "कुठं हाय?"

"ही काय, माझ्या पायाशी. परातीम्होरं."

सगळं देऊळ खदखदून हसलं. फादरांनी हसत टॉवेल पुढं केला. आता नाही म्हणायचं कसं? सरपंचांनी धोतर खोचलं, तांब्या उचलला.

"हळू हो दादा, गुदगुल्या होतात!"

मग सरपंचही हसले.

तेव्हापासून खुर्चीसाठी कुणी भांडत नाही. भांडण होतं ते तांब्यासाठी, आणि त्यात सरपंच सगळ्यांच्या पुढं!