हात वर करा

सार्वजनिक धोरणांचं विश्लेषण हा विषय कॉलेजात नवा होता, आणि संस्थेचे अध्यक्ष आबासाहेब ढमढेरे यांच्या डोळ्यांत तो पहिल्या दिवसापासून खुपत होता. निर्णय घ्यायचे मोठ्यांनी आणि त्यांची चिरफाड करायची पोरांनी, हे त्यांना झेपेना. एके सकाळी विषय बंद करायच्या तयारीनेच ते सभागृहात आले.

तिथे जमलेल्या मुलांत या विषयाची हेमांगीही होती. कुठलीही योजना वाचली, की ‘यातून राहून कोण गेलं?’ हे कळल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

“कॉलेजच्या दोन बसची मी एक केली,” आबासाहेब माईकवर गरजले. “सोय झाली त्यांनी हात वर करा!”

बसने आलेल्या सगळ्यांनी मुकाट्याने हात वर केले.

“आता गैरसोय झाली त्यांनी करा.”

एकही हात हलला नाही.

“झालं विश्लेषण! एवढ्यासाठी तीन वर्षं शिकायचं?”

हेमांगी उठली. “आबासाहेब, गैरसोय झालेल्यांनीही हात वर केले होते. मी बसच्या खिडकीतून पाहिले.”

“कुठे?”

“पिंपळफाट्यावर, आज सकाळी. बस खच्चून भरली होती, म्हणून थांबलीच नाही. ते अजून तिथेच असतील.”

सभागृहात हशा उसळला. तो ओसरेपर्यंत आबासाहेब मिशी चाचपत राहिले. मग माईक बाजूला सारून त्यांनी हळूच विचारलं, “असे आणखी किती फाटे असतील गं?”

“ते शोधायलाच तर हा विषय आहे, आबासाहेब.”