पिंगलाचे डोळे

गोदेच्या काठी पोतन नगरावर अश्मक राजाची सत्ता होती, त्या काळी बोधिसत्त्व एका नेत्रवैद्याच्या घरी जन्मले होते. त्यांचे नाव भद्रक. मोठे होऊन तेही नेत्रवैद्य झाले.

एके सकाळी सोमा नावाची धनगरीण आपल्या पिंगल नावाच्या कुत्र्याला दोरीने ओढत त्यांच्या दारी आली. मागोमाग भाला घेऊन नगररक्षक कालक आला.

"वैद्यराज, याला वाचवा. पिसाळलाय म्हणून मारायला निघालेत."

"दोघांना चावलाय तो," कालक म्हणाला.

भद्रकांनी पाहिले. डोळे लालबुंद झाले होते आणि पापण्या चिपडांनी चिकटल्या होत्या. पण तोंडाला फेस नव्हता, आणि समोर ठेवलेले पाणी त्याने लपलप पिऊन टाकले.

"हा पिसाळलेला वाटत नाही. डोळे सुजलेत, दिसत नाही, म्हणून घाबरून चावतो. दहा दिवस द्या. माझ्याच अंगणात बांधतो."

कालक नाइलाजाने कबूल झाला, पण दारातून हलला नाही.

भद्रकांनी दारुहळदीचा काढा चार पदरी कापडातून गाळून निववला. कापसाच्या बोळ्याने पहिला थेंब सोडला, तोच पिंगलाने त्यांच्या मनगटाचा कडकडून चावा घेतला. सोमाने तोंडावर हात ठेवला. कालकाने भाला उगारला.

भद्रकांच्या मनातही क्षणभर राग उसळला. मग वाटले, काही दिसत नसताना दुखऱ्या डोळ्याला कोणी एकदम हात लावला, तर मी तरी काय केले असते?

"थांबा," ते म्हणाले. "चूक माझी आहे. हात येतोय हे मी त्याला कळूच दिले नाही."

जखम धुऊन ते पुन्हा बसले. आधी हात हुंगायला दिला. हळू बोलत त्याच्या पाठीमागून आले, हनुवटी वर धरली आणि बोळा डोळ्याला न टेकवता थेंब सोडला. पिंगल थरथरला, पण चावला नाही. असे दिवसातून चार वेळा चालले.

सहाव्या दिवशी उजवा डोळा उघडला. दहाव्या दिवशी डावाही उघडला. त्यात एक पांढरा ठिपका मात्र कायमचा राहिला. पिंगल धावत सोमाला बिलगला.

कालक बराच वेळ पाहत होता. "थेंब अजून किती दिवस घालायचे?"

"तीन."

"मग संध्याकाळचे थेंब मी घालीन," तो म्हणाला.

ही कथा सांगून शास्ते, म्हणजे बुद्ध, भिक्षूंना म्हणाले, "तेव्हाची सोमा ही आजची उत्पलवर्णा, पिंगल तो आनंद आणि कालक तो अंगुलिमाल. भद्रक मीच होतो. चावा बसलेला हात पुन्हा पुढे करता येणे, यालाच क्षांती म्हणतात."