अंगठ्याचं घर

फार वर्षांपूर्वी एका मोठ्या तळ्याकाठी एक कारागीर राहत होता. गळाच्या काठ्यांच्या मुठी साफ करून नव्यासारख्या करणं हा त्याचा धंदा. या मुठी बुचाच्या असत, बाटलीच्या तोंडाला लावतात त्याच बुचाच्या. घाम, चिखल आणि माशांचं तेल बसून त्या काळ्या पडत. कारागीर त्या रिठ्याच्या कोमट पाण्यात हलक्या हातानं धुई, पडलेल्या भोकांत राळेत कालवलेला बुचाचा भुगा भरी आणि वाळल्यावर पॉलिशपेपरनं घाशी. त्याच्या हातची मूठ लोण्यासारखी लागते, असं लोक म्हणत. त्यालाही ते ठाऊक होतं.

एके दिवशी मासे धरून पोट भरणारी एक म्हातारी त्याच्याकडे आली. तिला जवळजवळ दिसत नव्हतं.

"लेका, मूठ चिकट झालीय. धुऊन दे, भोकं बुजव. पण घराला हात लावू नकोस हं."

कारागीर हसला. "आजी, मी काय गवंडी आहे? तुमच्या घराला कशाला हात लावू?"

"नाही ना लावणार? मग झालं," म्हणत म्हातारी निघून गेली.

कारागिरानं मूठ धुतली. वरच्या बाजूला एक मोठा, खोलगट खड्डा होता. इतका मोठा खड्डा त्यानं कधी पाहिला नव्हता, म्हणून तो त्यानं जास्तच मन लावून भरला. दोन दिवसांनी म्हातारीची सून काठी घेऊन गेली.

त्याच आठवड्यात राजाचा कारभारी दुकानात आला. मुठींवरून हात फिरवत म्हणाला, "राजेसाहेबांच्या सगळ्या काठ्या तुझ्याकडे द्याव्यात म्हणतो. मात्र ज्याच्या हातून चूक होत नाही, असाच माणूस हवा आम्हाला."

कारागीर काही बोलणार, तेवढ्यात दारात म्हातारी उभी राहिली. एका हातात काठी, दुसऱ्या हातात रिकामी टोपली.

"लेका, माझं घर कुठं गेलं?"

"कुठलं घर, आजी?"

"माझ्या अंगठ्याचं! अंगठा घरात बसला की काठीवरच्या, दोरी ओवायच्या कड्या बरोबर खाली येतात, दोरी सरळ सुटते. आता काठी कुठून धरू तेच कळेना. दोरी काठीलाच गुरफटते. चार दिवसांत एक मासा नाही."

कारभाऱ्यानं मूठ निरखली. "अहो आजी, किती सुरेख काम आहे! नव्याची सवय होईल हळूहळू."

कारागिरानं नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. पण त्याची नजर टोपलीवर गेली.

"नाही साहेब," तो म्हणाला. "चूक माझी आहे. आजींनी सांगितलं होतं. मी विचारलं नाही, नुसता हसलो."

त्यानं म्हातारीला बसवलं, तिचा अंगठा मुठीवर ठेवला आणि भोवती कोळशानं रेघ ओढली. मग आपणच भरलेला भुगा तो कोरू लागला. भुग्याचा रंग जुन्या बुचापेक्षा गडद होता, त्यामुळे कुठं थांबायचं ते त्याला नेमकं कळत होतं. भुगा संपला, तसा त्यानं हात उचलला.

म्हातारीनं अंगठा टेकवला. काठी आपोआप वळली, कड्या खाली आल्या.

"आले बाई घरी!" ती म्हणाली. "आणि धुतलंयस मात्र छान हो."

ती गेल्यावर कारागीर कारभाऱ्याला म्हणाला, "साहेब, तुम्ही दुसरा माणूस बघा. माझ्या हातून चूक होते."

कारभाऱ्यानं सोबत आणलेली काठी कापडातून सोडवली. राजाच्या त्या काठीच्या मुठीवर दोन खोलगट खड्डे होते.

"हे बुजवून घ्यायचं मीच ठरवलं होतं," तो म्हणाला. "काठी तुझ्याकडेच राहू दे. पण मी येईपर्यंत हात लावू नकोस. ही भोकं आहेत की घरं, ते आधी राजेसाहेबांना विचारून येतो."

तात्पर्य काय, तर दुसऱ्याची वस्तू नीट करण्याआधी ती वापरणाऱ्याचं नीट ऐकावं. आणि तरीही चुकलं, तर आपलं सुरेख कामसुद्धा आपल्याच हातानं कोरून काढावं.