गेनोबाची पाठ

फार पूर्वी, डोंगरातल्या लेण्यांत भिक्खू राहत असत तेव्हा, ओढ्याच्या दोन्ही काठांवरच्या वानरांत खरजेची साथ आली. औषध एकच होतं: कडुनिंबाचा पाला चावून अंगाला चोळायचा. आणि कडुनिंब होता अलीकडच्या टोळीचा म्होरक्या गेनोबा याच्या ताब्यात.

पलीकडचा एक वानर पाला मागायला आला. "आधी आमची टोळी! चल, हट!" म्हणत गेनोबाने त्याला हाकललं. दुसऱ्या दिवशी पाला कमी वाटला, तेव्हा "आधी माझं घर!" म्हणत त्याने टोळीलाही झाडावरून हुसकावलं. तिसऱ्या दिवशी बायको जरा खाजवताना दिसली, तर तिलाही खाली उतरवलं.

मग शेंड्यावर एकट्यानेच बसून त्याने नाकापासून शेपटीपर्यंत पाला चोळला. राहिली फक्त पाठीची मधली वीतभर जागा. वरून हात घातला, पोचेना. खालून घातला, पोचेना. शेपटीने चोळायला गेला तर नुसत्या गुदगुल्या! आणि खाज तर सगळी तिथेच गोळा झालेली.

लेण्याच्या दाराशी राहणारी म्हातारी वानरी चंद्री खालून म्हणाली, "गेनोबा, ते भिक्खू रोज 'सगळे बरे होवोत' म्हणतात, तो मला भोळेपणा वाटायचा रे. पण त्यांचाही हात पाठीला पोचत नसणार!"

गेनोबा पाल्याचा भारा घेऊन खाली उतरला. उवा काढायला बसतात तशी वानरं एकामागे एक बसली आणि पुढच्याची पाठ चोळू लागली. म्होरक्याने शेवटी बसायचं ही त्यांची रीत. त्यामुळे गेनोबाच्या मागे कोणीच नव्हतं.

त्याने ओढ्यापलीकडे हाक मारली. हाकललेला वानरच पहिला आला आणि मागे बसला.

"जरा डावीकडे घ्या, दादा," गेनोबा म्हणाला.